कॅन्सर पळवणारी रुक्माक्का

रुक्माक्काच्या घरात मी अकरा वर्षं भाड्यानं राहते आहे, आणि या अकरा वर्षांत आज काय खायचं हे तिनं मला एकदाही ठरवू दिलेलं नाही. मी मूळची रामनगरची. आमचं किराणा दुकान, त्यामुळे माझी हाडं बिस्किटं, खारी आणि फरसाणावरच पोसलेली. अणशीच्या अलीकडच्या या कुणबी वाडीत मराठी शाळेवर माझी बदली झाली तेव्हा ट्रंकेत साड्या कमी आणि बिस्किटांचे पुडे जास्त होते. पहिल्याच संध्याकाळी रुक्माक्कानं ट्रंक उघडली, पुडे काढले आणि वाडीतल्या पोरांना वाटून टाकले. वर मलाच विचारलं, "बाई, तोंडात चांगले दात हायती की तुमच्या. मग हे पीठ कशाला चोखत बसता?"

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे माझी शाळेतली पोरंही सांगतील. पण जेवायला बसल्यावर तिनं चुलीत भाजलेलं कोनं पानात वाढलं, वर खोबरेल आणि मिरचीचा ठेचा, आणि माझा राग पहिल्या घासालाच गेला. कोनं म्हणजे जमिनीखाली वाढणारा मोठा कंद. कधी हाताएवढा, कधी रांगत्या पोराएवढा. जोयडा तालुक्यातले कुणबी भाताइतकेच या कंदांवर जगत आले. रुक्माक्काच्या परसात त्यांच्या चौदा जाती आहेत आणि तिच्यालेखी प्रत्येकीचा वेगळा स्वभाव आहे. एक जात पोटाला धरून असते, एक तापातून उठलेल्याला द्यायची, एक बाळंतिणीची, आणि एक खाजरी जात आहे ती फक्त पाहुणा लवकर जावा म्हणून शिजवायची.

रुक्माक्का चोपन्न वर्षांची. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की परसातून हाक मारली तर रस्त्यावरची एसटी थांबते. दुसऱ्याच्या ताटात डोकावणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क. कोण काय जेवलं यावरून कुणाला काय होणार हे ती सांगते, आणि झालं की "मी सांगितलं न्हवतं?" म्हणायला घरपोच जाते. नवरा लखू वनखात्याच्या कामावर रोजंदारीला जातो. तो बोलत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलायचा म्हणे, मग त्यानं पाहिलं की गरज पडत नाही.

तिच्या राज्यात एकच बंडखोर होती, धाकटी जाऊ इंदुबाई. दोघींच्या परसांमध्ये एक काट्यांचं कुंपण, आणि त्या कुंपणावरून तीस वर्षं एकच वाद: कुणाचं कोनं मोठं. रुक्माक्काच्या मते इंदुबाईचं कोनं पाणचट. इंदुबाईच्या मते रुक्माक्काच्या कोन्यात नुसते दोरे. एकीनं पाठवलेली भाजी दुसरी गुरांना घालायची आणि भांडं मात्र चकचकीत घासून परत करायची. गंमत म्हणजे एकीला ताप आला तर दुसरीच्या घरी चूल नीट पेटत नसे.

तर आमच्या जोयड्यात दरवर्षी थंडीच्या दिवसांत कंदांचा मेळा भरतो. वाड्यावाड्यांतून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन येतात आणि हुबळी-धारवाडची माणसं मोबाइल घेऊन. रुक्माक्काचं गिऱ्हाईक बघणं म्हणजे नाटक असतं. गिऱ्हाइकाला ती आधी कंद दाबायला लावते. "अंगठा दाबा. कडक लागला तर चांगला. मऊ पडला तर आत कुजलाय, घिऊ नका." एवढ्यावरही एखाद्याचा विश्वास बसला नाही तर कोयत्यानं सरळ चकती कापून आतला जांभळा रंग दाखवते. "चिरल्याबिगर आतलं कुणाला दिसतंय?"

दोन वर्षांमागच्या मेळ्यात शेजारच्या स्टॉलवाल्यांनी मोठा छापील बोर्ड लावला होता. मधुमेह, सांधेदुखी, रक्तदाब, सगळ्यांवर रामबाण. त्यांचा माल दुपारीच खपला. रुक्माक्काला एका कॅमेरावाल्यानं विचारलं, "अम्मा, हे खाल्ल्यानं काय होतं?" तर ही म्हणाली, "भूक जाते." तो हसला आणि शेजारच्या स्टॉलवर गेला. हा अपमान तिनं वर्षभर जपून ठेवला.

पुढच्या मेळ्याच्या आठ दिवस आधी ती माझ्याकडं पुठ्ठा घेऊन आली. "बाई, तुम्ही शिकलेल्या. मला बोर्ड लिहून द्या. त्यांच्यापेक्षा मोठा रोग पायजे."

आता इथं मी सांगते ते माझ्या शहाणपणाचं नाही. मी मोबाइलवर शोधलं. जांभळ्या कंदांमध्ये अमुक असतं, त्यानं पेशींचं रक्षण होतं, कुठल्याशा प्रयोगशाळेत काचेच्या नळीत काहीतरी घडलं, असं बरंच सापडलं. काचेची नळी आणि माणूस यांत फरक असतो हे मी सातवीला शिकवते. तरी मी मस्त वळणदार अक्षरात लिहिलं, मराठीत आणि कन्नडमध्ये: "कोनं खा, कॅन्सर पळवा." खाली फुलं काढली. अक्षर फार छान आलं म्हणून मी त्याचा फोटोही काढून ठेवला.

माल खपला. त्या कॅमेरावाल्यानं तिचा व्हिडिओ केला आणि महिनाभरात ती "कॅन्सरवाली रुक्मा" झाली. फोन यायला लागले. कॅसलरॉकच्या एका बाईनं रेल्वेनं माणूस पाठवून टोपलीभर कोनी मागवली. वाडीतल्या आठ बायका त्याच बोर्डाखाली विकायला लागल्या, इंदुबाईसुद्धा, अर्थात तोंड वाकडं करून. रुक्माक्का आता कुणालाही थांबवून सांगायची, "स्तनाचा कॅन्सर म्हणत्यात तो हाय न्हवं, तो खाण्यानं येतो. पाकिटातलं खाल्लं की आला. आमच्या वाडीत कुणाला झालाय? सांगा!" झालेला नव्हता हे खरं. म्हणजे कुणाला झाल्याचं आम्हाला ठाऊक नव्हतं.

शिमग्याच्या आसपास तिचं वागणं बदललं. तिन्ही वेळा ती फक्त कोनं खायला लागली. मासे सोडले. आता कुणब्याच्या बाईनं नदीचे मासे सोडणं म्हणजे मी फरसाण सोडण्यासारखं आहे, आपोआप होत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अंग हलकं वाटतंय." भर दुपारी ती अंगणात उन्हाकडं पाठ करून बसायला लागली. घामानं निथळायची, पण हलायची नाही. लखू दोनदा छत्री घेऊन गेला आणि दोनदा छत्रीसकट परत आला.

त्यातच माझ्या गोळ्या कमी व्हायला लागल्या. माझे गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या, आठवड्याला एक. त्यावरून रुक्माक्कानं माझी यथेच्छ टिंगल केली होती. ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं असं मीच सांगितल्यावर तर म्हणाली, "ऊन आता गोळीत भरून विकत्यात? मग पाऊस कधी यायचा दुकानात?" आणि आता आठ गोळ्यांच्या नव्याकोऱ्या पाकिटात चारच उरल्या होत्या. मी आधी उंदरावर आळ घेतला. पण उंदीर पाकीट फोडून पुन्हा उशीखाली घालून ठेवत नाही.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. रुक्माक्का चुलीपुढं बसली होती. पाकीट तिच्यापुढं धरलं.

"अक्का, माझ्या गोळ्या तू खाल्ल्यास?"

तिला खोटं बोलता येत नाही. प्रयत्न केला की कान लाल होतात. कान लाल झाले.

"चारच खाल्ल्या," ती म्हणाली. "तुम्हाला काय, तुमचं गुडघं हायती. माझं मोठं काम हाय."

"कसलं काम?"

ती उठली, मागचं दार लावून आली, आणि माझा हात धरून आपल्या डाव्या छातीवर पदराखाली ठेवला. तिथं सुपारीएवढी गाठ होती.

मी जमिनीवर बसले. ती मात्र माझी समजूत घालायला लागली. "घाबरू नका बाई. मी रोज दाबून बघतीया. कडक हाय. बघा की, मऊ कुठं पडलीया? दुखत बी न्हाई. मऊ पडली असती, दुखली असती, तर मी बी भ्याले असते. ही बिनकुजकी हाय."

चाळीस वर्षं कंद दाबून आयुष्य काढलेल्या बाईचा अंगठा तिला सांगत होता की कडक म्हणजे चांगलं. त्या अंगठ्यावर सगळ्या वाडीचा विश्वास होता, माझाही. आणि गाठ कडक असणं, न दुखणं यात काहीच चांगलं नसतं, उलट अशीच गाठ आधी दाखवायला हवी, एवढं मला आरोग्यखात्याच्या माहितीपत्रकातून माहीत होतं. ते माहितीपत्रक शाळेच्या भिंतीवर लावलेलं आहे. मीच लावलंय.

"किती दिवस झाले?"

"दीड म्हयना. वाढायची थांबल आता. कोनं चालू हाय, ऊन चालू हाय, गोळ्या चालू हायती."

"अक्का, उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं."

"न्हाई."

"का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पहिलीतलं पोर आहे. "मी कोण हाय? कॅन्सरवाली रुक्मा. मीच दवाखान्यात जाऊन बसले तर आठ बायकांचा माल कोण घील? आणि त्या इंदूला काय तोंड दाखवू? ती म्हणल, मी सांगितलंच हुतं, हिच्या कोन्यात नुसतं दोरं." मग हळूच म्हणाली, "आणि मला व्हयाचं कारणच काय? मी कधी वंगाळ खाल्लंय का?"

हे शेवटचं वाक्य मला लागलं. तिला मरणाची भीती नव्हती तेवढी लाज वाटत होती. गाठ आली म्हणजे आपण खाण्यात कुठंतरी चुकलो, आणि अख्ख्या तालुक्याला शिकवणारी बाई स्वतःच नापास झाली, असा तिचा हिशेब होता. आणि त्या हिशेबाला फुलं काढून बोर्ड मी दिला होता. मला स्वतःचा इतका राग आला की मी उठून माळ्यावरचा बोर्ड खाली ओढला आणि अंगणात भिरकावला. रुक्माक्का ओरडली. लखू आला, त्यानं बोर्ड उचलला, माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि तो कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवून दिला. बरेच दिवस त्या खुराड्याला कॅन्सरची भीती नव्हती.

दोन दिवस मी तिच्याशी वाद घातला. रागावले, रडले, जेवले नाही. न जेवण्याचा तिच्यावर परिणाम झाला, पण तो वेगळा. तिनं मला बाळंतिणीचा कंद करून घातला. शेवटी तिसऱ्या दिवशी माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. ती परसात कोनं खणत होती. मी कुंपणाशी उभी राहून म्हटलं, "अक्का, मेळ्यात गिऱ्हाइकाचा विश्वास बसला नाही की तू काय करतेस?"

"चिरून दावते."

"का? दाबून कळतं ना?"

तिनं कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकली.

"डॉक्टर सुईनं इवलासा तुकडा काढतात," मी म्हटलं, "आणि आत काय आहे ते बघतात. एवढंच. अनोळखी माणसाला तू चिरून दाखवतेस आणि स्वतःचं मात्र नुसतं दाबून बघतेस?"

"मला फशिवता व्हय बाई," ती म्हणाली. पण कुदळ खाली ठेवली.

तिची एक अट होती. वाडीला सांगायचं की आजारी मी आहे. रुक्माक्का फक्त सोबतीला. मी कबूल झाले आणि त्याचा मला फार पश्चात्ताप झाला. कारण तासाभरात वाडीला कळलं की बाईला काहीतरी मोठं झालंय. मग जो तो काही ना काही घेऊन आला. कुणी मध, कुणी काढा, कुणी कसलं तरी मूळ. इंदुबाईनं तर टोपलीभर काटेकणगं आणलं, हा लहान कंदाचा प्रकार, आणि माझ्यापुढं ठाण मांडून बसली. "बाई, तुम्ही बिस्किटं खात हुता म्हणून झालं. माझ्या जाऊबाईनं कवाच सांगितलं हुतं." मागं उभी असलेली रुक्माक्का खाली मान घालून गालात हसत होती. मला तिचा गळा दाबावासा वाटला.

वाडीतल्या परशूच्या जीपमधून आम्ही जोयड्याला गेलो. सरकारी दवाखान्यात डॉक्टर भाग्यलक्ष्मी होत्या, हावेरीकडच्या, मराठी मोडकं पण धीट बोलणाऱ्या. रुक्माक्का आत गेली ती तपासून घ्यायच्या आधी डॉक्टरांच्या डब्यातल्या लिंबाच्या पिवळ्या भातातच डोकावली. "चित्रान्न? रोज चित्रान्न?"

"हेळी अम्मा," डॉक्टर म्हणाल्या, "सांगा, काय त्रास आहे?"

तपासल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. रुक्माक्का ती चिठ्ठी घेईना. आधी तिला वाद मिटवायचा होता. आपण काय काय खातो ते तिनं हाताची बोटं मोजत सांगितलं. कंद, भाजी, नाचणी, कुळीथ. तेल थोडं. दारू नाही. बिस्किट नाही. दोन्ही पोरांना दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं. रोज चार मैल चाल. शेवटी म्हणाली, "आता सांगा, मी कुठं चुकले?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, तुम्ही कुठंच चुकला नाहीत. हे सगळं बरोबरच आहे. दारू टाळली, पाळी गेल्यावर वजन वाढू दिलं नाही, कष्ट केले, पोरांना अंगावर पाजलं, की धोका कमी होतो. भाजीपाल्यानंही थोडा होत असावा. पण कमी होतो, संपत नाही. नीट खाणाऱ्या बायकांनाही होतो आणि वाटेल ते खाणाऱ्या कितीतरी बायकांना होत नाही."

"आणि गोळ्या?"

"व्हिटॅमिनच्या गोळ्या खाऊन हा रोग टळतो असं अजून तरी कुणी सिद्ध केलेलं नाही. ड जीवनसत्त्वाचा अभ्यास चालू आहे, पक्कं उत्तर नाही. आणि दुसऱ्याच्या गोळ्या चोरून भारंभार खाल्ल्या तर मूत्रपिंड बिघडू शकतं, हे मात्र पक्कं आहे." मी डॉक्टरांच्या कानावर ते आधीच घातलं होतं.

रुक्माक्कानं माझ्याकडं जळजळीत बघितलं. मग विचारलं, "म्हंजी माझं कोनं फुकट?"

"फुकट का? चोपन्नाव्या वर्षी तुमचं रक्त बघा, अंगातली ताकद बघा. पुढं उपचार लागले तर हीच उपयोगी पडेल. पण झालेली गाठ जेवणानं जात नाही अम्मा. त्यासाठी आम्ही आहोत."

जीपमध्ये बसल्यावर ती एकदम म्हणाली, "मी चुकले न्हाई म्हणाल्या, ऐकलं न्हवं?" मी म्हटलं, ऐकलं. "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठं तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. गाठ सापडल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. परशूनं आरशात बघून विचारलं, "बाईचं लई अवघड हाय व्हय?" मी म्हटलं, "व्हय बाबा, तू पुढं बघून चालव."

बेळगावला जाताना आम्ही रामनगरला माझ्या माहेरी उतरलो. तिथं रुक्माक्कानं आमच्या दुकानातल्या बरण्यांसमोर उभं राहून माझ्या वडिलांना असं काही सुनावलं की त्यांनी हिला पुन्हा इथं आणू नकोस म्हणून मला हळूच सांगितलं. बेळगावात सुईनं तुकडा काढला. आठ दिवसांनी निकाल आला. कॅन्सरच होता. पण गाठ लहान होती, दुसरीकडं पसरल्याचं दिसत नव्हतं, आणि डॉक्टर म्हणाले की वेळेवर आलात, ऑपरेशन करू, पुढचे उपचार करू, बरं होण्याची आशा चांगली आहे. घरी येऊन मी लखूला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला. मग अकरा वर्षांत मी ऐकलेलं त्याचं सर्वांत मोठं वाक्य बोलला: "तिला म्हणावं, मी भात शिजवायला शिकतो."

भरती व्हायचा दिवस बुधवार ठरला. सकाळी आठला परशूची जीप येणार होती. सातलाच वाडीतल्या सात-आठ बायका जमल्या, आजारी बाईंना निरोप द्यायला. पुन्हा मध, पुन्हा काढा. इंदुबाईनं माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि माझ्याकडं बघून डोळे पुसले. मला ते नाटक आता असह्य झालं होतं. मी तोंड उघडणार तोच रुक्माक्का म्हणाली, "सगळ्याजणी आतल्या खोलीत चला." लखूला तिनं अंगणात पाठवलं. दार लावलं.

"बाईला काय बी झालेलं न्हाई," ती म्हणाली. "त्या कोडग्या हायती, त्यांना काय हुतंय. मला झालंय. कॅन्सर."

एकीनं हातातली मधाची बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी कोनं खात हुते, खात ऱ्हाणार, तुम्ही बी खावा. पर त्यानं हे पळत न्हाई. ते बोर्डाचं खोटं हुतं. बाईनं लिव्हलं, मी पसरवलं. दोघी बी गाढव." मग तिनं झंपराची बटणं सोडली. "आता एकेकीनं म्होरं या आणि हात लावून बघा. लाजू नका. उद्या हे कापून टाकणार, मग तुम्हाला कुठं बघायला मिळणार? दाबा. कडक लागतंय न्हवं? दुखत न्हाई मला. मी म्हणाले, कडक हाय म्हंजी चांगलं हाय. कंदाला ते खरं. इथं न्हवं. अंगठ्यात नीट धरून ठेवा, असं लागतं ते."

आधी कुणी पुढं होईना. मग शकुंतला गेली, सगळ्यांत म्हातारी. तिनं हात लावला, मान हलवली, आणि रुक्माक्काच्या डोक्यावरून हात फिरवला. मग एकेक करून सगळ्या गेल्या. मेळ्यात गिऱ्हाइकांना शिकवताना असतो तसा रुक्माक्काचा आवाज होता. "हितं न्हवं, जरा वर. व्हय, तिथंच." मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. या बाईचा मला इतका अभिमान वाटला की तो कुठं ठेवावा कळेना.

इंदुबाई दाराशी उभी होती. ती शेवटची राहिली.

"ये की गं," रुक्माक्का म्हणाली. "का माझ्या अंगात बी दोरं दिसत्यात तुला?"

इंदुबाई आली. तिनं हात लावला. बाकीच्या बायकांनी लगेच हात काढून घेतला होता, हिनं काढला नाही. ती तशीच राहिली. मग तिचा दुसरा हात हळूहळू स्वतःच्या पदराखाली गेला. खोलीतल्या सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या.

"जाऊबाई," ती म्हणाली. "मला बी हाय. असलीच. दिवाळीपासनं. कडक हाय म्हणून मी..."

रुक्माक्कानं तिचा तो हात बाजूला केला आणि स्वतः तपासलं, डोळे मिटून, अंगठ्यानं. बराच वेळ लागला.

"माझ्याहून बारकी हाय," ती म्हणाली.

"तुमचंच म्होटं असतंय सारखं," इंदुबाई हुंदका देत म्हणाली, आणि रुक्माक्कानं तिला पोटाशी धरलं.

बाहेर परशूनं हॉर्न दिला. इंदुबाई एकदम बाजूला झाली. तिची आंघोळ व्हायची होती, गुरं बांधायची होती, भात चुलीवर होता. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं.

"भात लखू बघील, त्याला शिकायचाच हाय," रुक्माक्का बटणं लावत म्हणाली. "आणि दवाखान्यात पाणी असतंय. चल." मग माझ्याकडं वळली. "बाई, तुम्ही म्होरं बसा, परशूजवळ. मागं आम्ही दोघी."